पान अठ्ठेचाळीसवरची मुलगी

बाबिकर: पुन्हा बटणं! अरे सांतो, तुला किती वेळा सांगू? नुसतं मार्करनं काळं फास आणि मासिकाचं पुढचं पान उलट. त्या बाईला काय कुणाच्या लग्नाला जायचंय?

क्रिसांतो: नुसतं फासलं की डाग दिसतो, हाजी. झगा चितारला की बाई दिसते.

बाबिकर: बाई दिसू नये म्हणून तर मालक आपल्याला पगार देतो!

क्रिसांतो: मग चौदा वर्षं माझे झगे बघून हसता कशाला?

बाबिकर: मी या टेबलाचा मुकादम आहे. मला बघावंच लागतं. आणि विषय बदलू नकोस. आज गुरुवार. अकराच्या ठोक्याला तपासणीला अबू रकानसाहेब सरकारी शिक्का घेऊन हजर होतील, आणि तुझा गठ्ठा अजून आहे तिथंच आहे. सकाळपासून एका पानावर हात ठेवून बसलायस.

क्रिसांतो: हात नाही. कोपर ठेवलंय.

बाबिकर: काढ बघू.

क्रिसांतो: नको.

बाबिकर: सांतो, खार्तूम सोडून मला बावीस वर्षं झाली. जगातल्या झाडून सगळ्या मासिकांतल्या बाया या टेबलावरून गेल्या. मला लाजवेल असं चित्र अजून कुणी छापलेलं नाही. काढ ते कोपर.

क्रिसांतो: बघा. पण जरा मान खाली घालून बघा.

बाबिकर: हं. पोहणारी पोरगी. गळ्यात पदक, केस ओले, बत्तीसच्या बत्तीस दात बाहेर. मग? मानेपासून घोट्यापर्यंत, दोन मिनिटांचं काम. तुला नाही जमत तर आण इकडे.

क्रिसांतो: हात लावू नका!

बाबिकर: अरे! ओरडतोस काय?

क्रिसांतो: माझी मुलगी आहे ती.

बाबिकर: कुठली?

क्रिसांतो: कुठली म्हणजे? मला काय डझनभर आहेत? लिगाया.

बाबिकर: लिगाया? तुझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली? तोंडात बोट घातलेली?

क्रिसांतो: तो फोटो जुना. आता सोळाची झाली. सगळ्या प्रांतात पहिली आली, हाजी. शंभर मीटर. मनिलाच्या मासिकानं अख्खं पान दिलंय. नाव बघा, आडनावासकट छापलंय.

बाबिकर: वल्लाह! मबरूक, मबरूक! अरे मग असा सुतकी चेहरा करून काय बसलायस? मिठाई आण! एवढी पोहते, आणि तू कधी बोलला नाहीस?

क्रिसांतो: बोललो होतो की. मी मागच्या वेळी गावाहून परत आलो, त्याच महिन्यात ती तलावावर जायला लागली. तीन वर्षं झाली. मी तिला पोहताना एकदाही पाहिलेलं नाही. व्हिडिओ कॉल इथे लागत नाही. फोनकार्डावर नुसता आवाज येतो. मोबाइलवर फोटो पाठवते, ते शेंगदाण्याएवढे.

बाबिकर: हां, आठवलं. ती शर्यत कॉम्प्युटरवर दाखवणार होते म्हणालास ना?

क्रिसांतो: दाखवली असेल. पोहण्याच्या मंडळाची साइट उघडली की हिरवं पान येतं. ‘आपण मागितलेलं पान या देशात उपलब्ध नाही. आपल्याला ते उपलब्ध असावं असं वाटत असल्यास येथे अर्ज करा.’

बाबिकर: मग करायचा अर्ज.

क्रिसांतो: केला. अर्जात पहिलाच प्रश्न, त्या पानावर काय आहे ते सविस्तर लिहा. आता ते पान दिसत नाही म्हणून मी अर्ज करतोय, तर काय आहे ते मला कसं कळणार? आणि कळलंच, तर मी चोरून पाहिलं असा अर्थ होतो.

बाबिकर: मग काय लिहिलंस?

क्रिसांतो: ‘पाणी’ एवढंच लिहिलं. उत्तर आलं, माहिती अपुरी. मग खोलीतल्या डॉमिंगोनं त्याची ती चोरवाट लावून दिली. लागली एकदाची. शिटी वाजली, लिगायानं सूर मारला, आणि चित्र अडकलं.

बाबिकर: मग?

क्रिसांतो: मग काय! पोरगी चाळीस मिनिटं हवेतच होती. आम्ही सहा जण श्वास धरून बसलो होतो. डॉमिंगोनं मध्ये जाऊन भात लावला, तो शिजला, आम्ही जेवलो, तरी ती हवेतच. शेवटी तिचाच फोन आला, की ताताय, मी जिंकले.

बाबिकर: अल्ला तिला सुखी ठेवो. बरं, झालं ते झालं. आता फास आणि मोकळा हो. तिला काय कळतंय, समुद्रापलीकडे कुणी फासलं ते?

क्रिसांतो: तिथेच तर घोडं अडलंय. तिला इथली प्रत हवीय. म्हणते, ताताय, तुमच्याकडच्या दुकानात मिळते तीच प्रत पाठव. उद्या नेस्तोर गावी निघालाय, त्याच्याबरोबर द्यायचं कबूल करून बसलोय.

बाबिकर: मग दे. झग्यासकट दे.

क्रिसांतो: हाजी, तिला वाटतं मी मासिकात चित्रकार आहे.

बाबिकर: काय?

क्रिसांतो: ती पाच वर्षांची होती तेव्हा विचारलंन, तू तिकडे काय करतोस. आता पोरीला काय सांगू? सांगितलं, मासिकांत चित्रं काढतो. मग ते वाढत गेलं. शाळेत निबंध लिहिला. ‘माझे वडील मोठे चित्रकार आहेत.’ त्याला बक्षीस मिळालं. ते बक्षीस घ्यायला तिची आई गेली आणि तीही काही बोलली नाही.

बाबिकर: खोटं कुठं आहे त्यात? काढतोस की चित्रं. झगे काढतोस, शाली काढतोस. मागच्या महिन्यात त्या टेनिसवालीला काय सुरेख विजार काढलीस, मी माझ्या बायकोला फोनवर वर्णन केलं.

क्रिसांतो: थट्टा नको. ती पान उघडणार, आणि तिच्या अंगावर बापानं फासलेलं काळं बघणार. तिच्या सगळ्या आयुष्यात तिनं एवढी मेहनत केली, पहिल्यांदा छापून आली, आणि पुसणारा कोण, तर मी. मला नाही जमणार हाजी. एक प्रत, फक्त एक प्रत मला कोरी द्या.

बाबिकर: डोकं फिरलंय का? चारशे आल्या, चारशेच जायला हव्यात. कोरी प्रत या गोदामाच्या दाराबाहेर गेली की तुझ्यासकट मीही विमानात. बावीस वर्षांत माझ्या हातून एक चूक झालेली नाही.

क्रिसांतो: कोंबडी?

बाबिकर: कोंबडीचं नाव काढू नकोस.

क्रिसांतो: स्वयंपाकाच्या मासिकातली भाजलेली कोंबडी. दोन्ही तंगड्यांना घोट्यापर्यंत विजार. साडेतीनशे प्रती.

बाबिकर: दुपारची वेळ होती! दिवसभर तंगड्या झाकून झाकून माणसाचा हात आपोआप चालतो! आणि साहेबांनी ती पास केली, हे विसरू नकोस. उलट म्हणाले, खबरदारी चांगली घेतलीत.

अबू रकान: अस्सलामु अलैकुम. कोण खबरदारी घेतंय?

बाबिकर: व अलैकुम अस्सलाम, साहेब! या, या. आम्हीच घेतोय. बसा, चहा सांगू?

अबू रकान: आधी काम. कुठलं मासिक?

बाबिकर: मनिलाचं, साहेब. बायकांचं. चारशे प्रती.

अबू रकान: नेहमीसारखं सांगा. पान बारा?

बाबिकर: आधी, समुद्रकाठी बसलेली बाई. आता, तीच बाई, पण तिच्याकडे पाहुणे आलेत असे कपडे.

अबू रकान: पान एकतीस?

बाबिकर: आधी बाटली. आता फुलदाणी.

अबू रकान: फुलं काढलीत?

बाबिकर: नाही, साहेब.

अबू रकान: दोन-चार काढा. रिकामी फुलदाणी बघून माणसाच्या मनात नको ते येतं. पान अठ्ठेचाळीस?

बाबिकर: पान अठ्ठेचाळीस… साहेब, चहा खरंच सांगतो.

अबू रकान: बाबिकर, पान अठ्ठेचाळीस.

क्रिसांतो: उघडं आहे, साहेब. अजून शाई लावलेली नाही.

अबू रकान: उघडं? या टेबलावर? माझ्यासमोर? अहो, आधी सांगायचं नाही का! थांबा, मी भिंतीकडे तोंड करतो. हां. आता बोला. तुम्हाला नियम ठाऊक आहे. मी पाहिलं तर मला पाप, तुम्ही पाहिलं तर तुम्हाला पगार. का नाही लावली शाई?

क्रिसांतो: ती माझी मुलगी आहे, साहेब. पोहण्यात पहिली आली. मला एक कोरी प्रत तिला पाठवायचीय. बाकीच्या सगळ्या मी आत्ता करून देतो. तीनशे नव्व्याण्णव. पण ही एक नाही करणार. नोकरी गेली तरी नाही.

बाबिकर: साहेब, त्याचं मनावर घेऊ नका. सकाळपासून जेवला नाहीये.

अबू रकान: बाबिकर, गप्प बसा. मला विचार करू द्या. परिपत्रक सतरा काय म्हणतं? ‘परस्त्रीचे अंग वाचकाच्या दृष्टीस पडू नये.’ परस्त्री. आता ही याची मुलगी. मुलगी बापाला परकी नाही.

बाबिकर: नाही.

अबू रकान: म्हणजे हा तिच्याकडे बघू शकतो. खरं सांगायचं, तर या टेबलावर एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी कायदेशीर बघतंय.

क्रिसांतो: म्हणजे प्रत मिळेल?

अबू रकान: घाई करू नका. बाबिकर, तुम्ही मात्र डोळे मिटा.

बाबिकर: बावीस वर्षं उघडे ठेवून बसलोय, आज मिटू?

अबू रकान: आज तिचा बाप समोर आहे. शरम वाटू द्या. आता प्रश्न पुराव्याचा. उद्या कुणीही कुठल्याही नटीला मुलगी म्हणेल. काही कागद?

क्रिसांतो: तिचं शाळेचं ओळखपत्र आहे पाकिटात. मागच्या वर्षीचं. फोटो आहे त्यावर.

अबू रकान: छान. चेहरा मी बघू शकतो. चेहऱ्याशी चेहरा ताडून पाहतो. पण त्यासाठी बाकीचं झाकायला हवं, आणि शाईनं झाकलं तर तुमची कोरी प्रत गेली. काहीतरी वर ठेवा.

बाबिकर: माझा डबा आहे, साहेब. खुबूस आहेत त्यात. रुंद आहेत.

अबू रकान: भाकरी हलाल वस्तू आहे. ठेवा.

(बाबिकर डोळे अर्धे मिटून, चाचपडत, पदकाच्या खालपासून तीन खुबूस एकाखाली एक पानावर मांडतो.)

अबू रकान: वळू?

बाबिकर: थांबा! डावा गुडघा राहिला. चौथा खुबूस सकाळी खाल्ला मी.

क्रिसांतो: डब्याचं झाकण ठेवा.

बाबिकर: ठेवलं. आणि खांद्यांवर हे दोन लिंबाचे काप. वळा साहेब, पण हळू. वारा लागला तर उडेल सगळं.

अबू रकान: बिस्मिल्ला. हं. ओळखपत्र धरा बाजूला. नाक तुमचंच आहे हो.

क्रिसांतो: सगळे तेच म्हणतात. बिचारी.

अबू रकान: कपाळ मात्र नाही.

क्रिसांतो: कपाळ अंपारोचं. तिच्या आईचं.

अबू रकान: फोटो कुणी काढला?

क्रिसांतो: मासिकवाल्यांनीच. पण त्यांच्या बाजूला अंपारो उभी होती. लिगाया तिच्याकडे बघून हसतेय.

अबू रकान: ते दिसतंच. परक्या माणसाकडे बघून मुली असं हसत नाहीत. माझी थोरली अशीच हसते. म्हणजे हसायची. आता तिकडे विलायतेत शिकते. रोज फोटो टाकते म्हणे, आज हे शिजवलं, आज बर्फ पडला. तिची आई तिकडे तिच्याजवळ असते, ती मला सांगते फोनवर.

बाबिकर: तुम्ही बघत नाही, साहेब?

अबू रकान: कसा बघणार? ज्या साइटवर टाकते, ती इथे बंद आहे.

बाबिकर: मग चालू करायला सांगा ना कुणाला तरी. तुमच्या शब्दाला वजन आहे.

अबू रकान: बंद करा म्हणून सही माझीच आहे. आता कोणत्या तोंडानं सांगू?

क्रिसांतो: साहेब, राग मानू नका. आमच्या खोलीतल्या डॉमिंगोला एक चोरवाट ठाऊक आहे. जरा अडकते, पण फोटो नीट दिसतात.

अबू रकान: हे मी ऐकलं नाही.

क्रिसांतो: माफ करा, साहेब.

अबू रकान: कागदावर लिहून द्या. मी वाचणार नाही, नुसता खिशात ठेवीन. स्पष्ट अक्षरात लिहा, माझा चष्मा जुना आहे.

क्रिसांतो: हे घ्या.

अबू रकान: आता ऐका निकाल. हे पान मासिकातून फाडायचं. फाडलं की ते मासिक राहत नाही, कौटुंबिक छायाचित्र होतं. कौटुंबिक छायाचित्राला परिपत्रक लागू नाही. उरलेली प्रत नष्ट करा. कारण लिहा, पाण्यात भिजली.

बाबिकर: या गोदामात पाणी कुठून आलं म्हणून विचारतील.

अबू रकान: मीच विचारणार ना? मी नाही विचारत. बाकीच्या तीनशे नव्व्याण्णव रात्रीच्या नमाजाआधी, शिक्का तेव्हा मारीन. आणि क्रिसांतो, पोरीला माझा सलाम सांगा. चांगली पोहते असं ऐकलंय. येतो.

बाबिकर: गेला! अरे देवा, गेला! सांतो, या बावीस वर्षांत मी असला निकाल ऐकलेला नाही. फाड, फाड, त्याचं मन बदलायच्या आत फाड. सावकाश! कडेनं! आण इकडे, मी पट्टी धरतो.

क्रिसांतो: निघालं. एवढीसुद्धा चीर नाही पडली.

बाबिकर: लिंबाचा डाग पडलाय बघ खांद्यावर.

क्रिसांतो: पडू दे. थांबा, आधी तिला मेसेज टाकतो. ‘कोरं पान मिळालं. उद्या नेस्तोरबरोबर पाठवतो. ताताय.’ गेला.

बाबिकर: आता माझे खुबूस दे परत. पोटात कावळे ओरडतायत. तुझ्या मुलीनं अंगाखांद्यावर मिरवलेली भाकरी खाणारा मी पहिला माणूस असेन या देशात. घे, अर्धा तूही घे.

क्रिसांतो: उत्तर आलंसुद्धा. हात काळे आहेत माझे, फोन जरा वर धरा.

बाबिकर: धरला. वाच. मोठ्यानं वाच, मला तुमची भाषा कळत नाही, सांगत सांगत वाच.

क्रिसांतो: ‘ताताय, कोरं पान मला कशाला? फोटो इथे आहे की. गावातल्या न्हाव्याच्या दुकानातसुद्धा लावलाय.’

बाबिकर: मग मागितलं कशाला तिनं?

क्रिसांतो: ‘मी तिकडची प्रत मागितली, कारण तिकडची वेगळी असते. दोन वर्षांपूर्वी कोरासोन मावशी तिकडून आली, तेव्हा तिनं कपबश्या मासिकाच्या पानांत गुंडाळून आणल्या होत्या. एका पानावर एक गाणारी बाई होती. काळ्या झग्यात.’

बाबिकर: पुढे?

क्रिसांतो: ‘कमरेला चुण्या घातलेल्या, आई शिवताना घालते तशा. आईनं पान हातात घेतलं आणि म्हणाली, ही शिवण आपल्या घरातली आहे. मग मला सगळं सांगितलं. आई रडली. मला थोडा राग आला होता, तू खोटं बोललास म्हणून. आता नाही.’

बाबिकर: थांबलास का? संपलं?

क्रिसांतो: नाही. जरा दिसेनासं झालं.

बाबिकर: डोळे पूस. हातानं नको, शाई लागेल! बाहीनं पूस. हां. वाच.

क्रिसांतो: ‘ते पान आम्ही शिवणयंत्राच्या वर भिंतीला लावलंय. तू लोकांच्या एवढ्या मुलींना झगे घातलेस ताताय, मला एकही नाही. मासिकात माझा फोटो येणार कळलं, तेव्हा मी मैत्रिणींना सांगितलं, आता माझा झगा येईल. काळाच असला तरी चालेल.’

बाबिकर: या सलाम.

क्रिसांतो: आणि मी सकाळपासून कोपर ठेवून बसलो होतो.

बाबिकर: तीन खुबूस, एक झाकण आणि सरकारी निकाल खर्ची घालून सोडवलेलं पान, आणि आता त्याच्यावरच काळं करायचं? अबू रकानला कळलं तर तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसेल.

क्रिसांतो: हाजी, मला नवा मार्कर द्या. हा सुकत आलाय, याच्या रेघा फाटतात.

बाबिकर: महिन्याला एकच देतो मालक. चुलीत गेला मालक. हा घे, मी माझ्यासाठी लपवून ठेवला होता. जाड टोक, बारीक टोक, दोन्ही आहेत.

क्रिसांतो: या एकाला वेळ लागेल. बाकीचा गठ्ठा तुम्ही सुरू करा.

बाबिकर: करतो रे, करतो. नुसतं फासतो, मला नाही जमत तुझ्यासारख्या चुण्या. पण एक सांग, बाह्या कुठवर काढणार? मासिकाला कोपराखाली दोन बोटं लागतात. पण हे तर आता मासिक नाही. कुणी मोजायला येणार नाही. तुझ्या मनाला येईल तेवढ्या ठेव.

क्रिसांतो: मनगटापर्यंत काढतो. पाण्यातून बाहेर आली की तिला फार थंडी वाजते.